घरासाठी फरशी कशी निवडावी: दुकानात जाण्याआधीचे चार टप्पे आणि नंतरचे चार

बहुतेक घरांत फरशीची निवड उलट्या क्रमाने होते. रविवारी शोरूमला जायचं, एखादी चकचकीत टाइल आवडली की टोकन द्यायचं आणि मग मिस्त्रीला विचारायचं, "बसेल ना?" मिस्त्री "बसेल" म्हणतोच. पुढे बाथरूमचं दार फरशीला घासतं, दोन-तीन वर्षांनी हॉलच्या मधोमध टाइल्स फुगून वर येतात, संगमरवरावर लिंबाचे फिकट डाग दिसायला लागतात. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो, पण तो त्या जागेचा नसतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. दुकानाची पायरी पाचव्या टप्प्यावर चढायची आहे.

टप्पा १: खाली काय आहे ते आधी बघा

फरशी जमिनीवर बसणार, स्लॅबवर की जुन्या फरशीवर, यावर निम्मी निवड आपोआप ठरते.

जमिनीवरचं घर असेल तर पहिला प्रश्न भरावाचा. जोत्यात माती टाकून लगेच वर काँक्रीट केलं, तर भराव हळूहळू बसतो आणि त्याबरोबर फरशीही खचते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा त्रास दुहेरी आहे: ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्याच्या आत ही माती ठेवू नका. ती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर करा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करून घ्या आणि त्यावर तीन-चार इंची पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) घाला. भरावाची खात्री नसेल तर २ बाय ४ फुटांच्या मोठ्या टाइलचा मोह सोडा. खालचा थर जरा हलला तरी एवढी टाइल तडकते. लहान मापाची फरशी निदान उचलून परत बसवता येते.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न ओलीचा. पावसाळ्यात फरशी पाझरते असं आपण म्हणतो, पण ती ओल खालून येते की हवेतून, हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. चाचणी सोपी आहे. दीड-दोन फुटी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर किंवा कोब्यावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला दिसले, तर पाणी जमिनीतून चढतंय. मग लॅमिनेट, लाकूड आणि चिकटवायचं व्हिनाइल यादीतून बाद, आणि नव्या कामात पीसीसीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद हवाच. थेंब वरच्या अंगाला असतील तर गार फरशीवर दमट हवा सुटते आहे, एवढंच. त्यासाठी फरशी बदलून काही होत नाही, खोलीत हवा खेळती ठेवा.

फ्लॅटमध्ये वजन बघावं लागतं. फरशीखालच्या मालाचा (सिमेंट-रेतीच्या मिश्रणाचा) चार-पाच सेंटिमीटरचा थरच चौरस मीटरला ८० ते १०० किलो भरतो, आणि २० मिलिमीटरचा दगड त्यात आणखी ५० किलो घालतो. जुनी फरशी न काढता वर कोटा किंवा मार्बल घालायचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या फरशीवर टाइल अडेसिव्हने (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने) नवी टाइल चिकटवता येते आणि वजनही कमी वाढतं. पण त्यासाठी जुनी फरशी घट्ट बसलेली हवी.

तपासा: नाणं किंवा लाकडी दांडा घेऊन जुन्या फरशीवर सगळीकडे ठोकत फिरा. पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्सवर खडूने फुली मारा. फुल्या चार-दोनच असतील तर तेवढ्या काढून जागा भरून घ्या. खोलीभर फुल्या झाल्या तर सगळी जुनी फरशी काढावी लागेल.

सावध: बाथरूमची फरशी फोडली की खालचं वॉटरप्रूफिंगही जातं. ते नव्याने करून, पाणी तुंबवून किमान ४८ तास ठेवा आणि खालच्या घरातलं छत बघून मगच टाइल लावा. सोसायटीची लेखी परवानगी यासाठीच आधी घ्यायची असते.

टप्पा २: लेव्हलचा हिशेब कागदावर मांडा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. प्रत्येक मालाची जाडी वेगळी असते. सिमेंटच्या मालात बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल साधारण ५० मिलिमीटर उंची खाते. कोटा ६० ते ६५, कारण त्याची जाडी लादीगणिक बदलते आणि ती माल कमी-जास्त करून सांभाळावी लागते. सपाट कोब्यावर अडेसिव्हने लावलेली टाइल १५ मध्ये बसते. हॉलला एक आणि बेडरूमला दुसरं काही घालणार असाल, तर दारात ठेच लागणारा फरक पडतो. तो भरावाच्या किंवा कोब्याच्या वेळीच मिटवायचा असतो.

कागदावर प्रत्येक खोलीची तयार उंची लिहा आणि तीन ठिकाणं बघा. बाथरूम आणि गॅलरी आतल्या फरशीपेक्षा किमान अर्धा इंच खाली हवीत. दारांच्या झडपा नव्या उंचीवर उघडल्या पाहिजेत, नाहीतर सुताराकडून कापून घ्याव्या लागतील. लोखंडी सेफ्टी डोअर कापणं तर फार कटकटीचं. आणि बंगल्यात जिना: फरशी दोन इंचांनी वर आली की पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होते. रोज चढणाऱ्याचा पाय बरोबर तिथेच चुकतो.

टप्पा ३: खोल्यांची यादी, पण माणसं धरून

प्रत्येक खोलीपुढे चार गोष्टी लिहा: पाणी किती, माती-रेती किती, ऊन किती आणि तिथे वावरणार कोण. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आजी-आजोबा किंवा रांगतं मूल असेल, तर बाथरूमपर्यंतच्या पूर्ण वाटेवर गुळगुळीत पॉलिशची टाइल नको. मॅट बाथरूमच्या आत आणि आरशासारखी टाइल बाहेर, अशी जोडी हमखास दिसते. ओल्या पायाने बाहेर पडणारा माणूस घसरतो तो बाहेरच्या टाइलवर.

टाइलच्या माहितीपत्रकात घसरणीसाठी आर९ ते आर१३ असा आकडा देतात. आर९ कोरड्या खोलीपुरता ठीक, ओल्या जागेला आर१० किंवा आर११ मागा. ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, किती झिजते यासाठी पीईआय हा १ ते ५ चा आकडा असतो. बेडरूमला ३ चालतो, हॉल आणि पॅसेजला ४ घ्या. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही, तर कंपनीचं पत्रक मागवायला सांगा.

रस्त्यालगतचं किंवा अंगण असलेलं घर असेल तर रेतीचा विचार जास्त करा. रेतीतला क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मोजणीत ७ वर आहे, तर संगमरवर ज्या कॅल्साइटचा बनतो ते ३ वर. चपलेखाली आलेली रेती मार्बलवर आणि पॉलिश्ड ग्लेझवर रोज बारीक ओरखडे काढत असते. काळ्या चकचकीत टाइलवर ते लगेच दिसतात.

टप्पा ४: आता माल ठरवा

व्हिट्रिफाइड टाइल. आज बहुतेक घरांत हीच जाते आणि गुजरातमधल्या मोरबीचा माल आपल्याकडे गावोगावी मिळतो. तिच्यात पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असतं. मात्र त्या एका नावाखाली बरेच प्रकार विकले जातात. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे झिजली तरी रंग टिकतो. डिझाइन मात्र ठरावीक. जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड) आणि पीजीव्हीटी (तीच, पॉलिश केलेली) म्हणजे वर छापलेलं चित्र आणि त्यावर काचेसारखी ग्लेझ. मार्बलसारखं हुबेहूब दिसतं, पण जड वस्तू पडून टवका उडाला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो. फुल बॉडीचा रंग आरपार एकच असतो, म्हणून जिना आणि पार्किंगला ती बरी. प्रकार ओळखायला दुकानात टाइलची तुटकी कड मागा. ती बघितली की बोलण्यात वेळ जात नाही.

साधी सिरॅमिक फ्लोअर टाइल तीन ते सहा टक्के पाणी शोषते. भिंतीची टाइल त्याहून कितीतरी जास्त, आणि ती मऊही असते. स्वस्तात मिळाली म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर लावू नका. शंका आली तर टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे थेंब टाका: भिंतीची टाइल ते पटकन पिते, व्हिट्रिफाइडवर ते तसेच बसून राहतात.

कोटा, शहाबादी, तांदूर, कडप्पा. चारही चुनखडीचे दगड. पायाला गार, भक्कम, आणि कोटा घासून पुन्हा नवा करता येतो. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी माझं मत कोट्याच्या बाजूने आहे. चारचौघांनी नाकं मुरडली तरी चालेल. पण दोन अटी आहेत. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर सांडून राहिलं की तिथलं पॉलिश मरतं, आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर शत्रूच. दुसरी अट पॉलिशची. ते जागेवर मशिनने, पाणी ओतून होतं आणि घरभर राडा होतो. म्हणून पॉलिश रंगाच्या शेवटच्या हाताआधी उरकायचं आणि नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतले, जाळीखालचे पाणी जायचे मार्ग) कापडाने बंद करून ठेवायचे. पॉलिशची रबडी पाइपात गेली की आत घट्ट बसते. शहाबादी अंगणाला आणि गच्चीला छान. कडप्पा मांडणीला ठेवा.

मार्बल. स्वयंपाकघरात नको. देवघर आणि हॉल चालेल, पुसायला माणूस असेल तर. पांढऱ्या मार्बलखाली पांढरं सिमेंटच वापरायला सांगा, नाहीतर खालची काळपट छटा वर उमटते. इटालियन स्लॅबच्या पाठीला जाळी लावलेली असते, कारण तो नाजूक असतो. त्याला नेहमीच्या मिस्त्रीचा नाही, त्याच कामातल्या माणसाचा हात लागतो.

ग्रॅनाइट. कठीण आणि आंबटाला न बधणारा. ओटा, उंबरा, जिन्याच्या पायऱ्या यांना याच्याइतकं चांगलं काही नाही. पायरीला मात्र पुढच्या कडेला खाचा मारून घ्या.

मोझॅक. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत घर घेतलं असेल, तर फोडायच्या आधी एका कोपऱ्यात पॉलिशवाल्याकडून दोन लाद्या घासून बघा. पन्नास वर्षांची मोझॅक बऱ्याचदा नुसत्या पॉलिशने उजळते आणि फोडणं, डेब्रिज, वॉटरप्रूफिंग हे सगळंच वाचतं.

लाल कोबा. दिसतो सुरेख, पण करणारा हात सापडला तरच. चार-चार फुटांवर काचपट्ट्या टाकून भाग पाडले नाहीत, तर वाटेल तिथे तडा जातो. वर किमान आठवडाभर पाणी.

लॅमिनेट आणि एसपीसी. रोज ओल्या फडक्याने पुसायची आपली सवय लॅमिनेटला झेपत नाही, सांध्यातून पाणी शिरून कडा फुगतात, वाळवीचीही भीती असते. एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पाण्याला टिकतं आणि भाड्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या बेडरूमला सोयीचं. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीखाली नको, उन्हाने रंग उडतो.

बाथरूम. मॅट टाइल, आणि १ बाय १ फूट किंवा त्याहून लहान. पाण्याचा उतार शंभराला एक तरी हवा, आणि तो जाळीकडे चारही बाजूंनी यायला हवा. मोठी टाइल वाकत नाही, मग मिस्त्री उतारच कमी करतो आणि कोपऱ्यात पाणी साचतं.

टप्पा ५: दुकान, आणि नमुना घरी आणणं

हातभर लांबीचा कापीव तुकडा नको, दोन पूर्ण टाइल्स विकत घ्या. शोरूममध्ये टाइल उभी असते आणि वर स्पॉटलाइट. घरी ती आडवी टाका, ज्या खोलीत बसणार तिथेच, आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबच्या उजेडात बघा. करडा रंग रात्री हिरवट दिसतो की काय, ते आत्ताच कळेल.

मग छळ करा. स्वयंपाकघराच्या नमुन्यावर चमचाभर गरम तेलात हळद कालवून ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी साबणाने पुसा. चांगल्या ग्लेझवर काही उरत नाही. खरखरीत मॅट टाइलच्या बारीक खळग्यांत पिवळी झाक राहते, ती तिरप्या उजेडात नीट दिसते. दगडाच्या नमुन्यावर लिंबाची फोड उलटी ठेवा. अर्ध्या तासाने तिथलं पॉलिश मंद झालं असेल, तर दगड चुनखडीचा किंवा मार्बलचा, दुकानदार काहीही म्हणो. ओल्या जागेच्या टाइलवर साबणाचं पाणी ओतून अनवाणी उभं राहून बघा, भिंतीला धरून.

तपासा: दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा आणि कडेने उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर टाइल बाकदार आहे. लांब टाइल्समध्ये थोडा बाक असतोच. म्हणून २ बाय ४ ची टाइल विटांसारखी अर्ध्यावर सांधा देऊन लावू नका, एकीची कड दुसरीच्या मध्यावर येऊन टोचते. एक-तृतीयांशावर सांधा द्या, किंवा सरळ रांगेत लावा.

टप्पा ६: मोजमाप आणि बॉक्स

बिल्डरच्या नकाशावरून मोजू नका, टेप घेऊन स्वतः मोजा. एक उदाहरण: हॉल १४ बाय ११ फूट, म्हणजे १५४ चौरस फूट. परिघ ५० फूट, दारांचे ७ वजा, राहिले ४३ फूट. चार इंची स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी लावायच्या टाइलच्या पट्टीला) त्याचे साधारण १४ चौरस फूट. बेरीज १६८. त्यात १० टक्के तूटफूट धरली की १८५.

इथे नेहमीची चूक होते. "दोन बाय दोन" ची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १६ नाही, साडेपंधरा चौरस फूट भरतात. १८५ ला साडेपंधराने भागलं की १२ बॉक्स. एका खोलीत फरक कळत नाही, पण घराचे ६० बॉक्स असतील तर ३० चौरस फूट, म्हणजे दोन बॉक्स, कमी पडतात, आणि तोवर तो लॉट संपलेला असतो. तिरकी बसवणार असाल तर १० च्या जागी १५ टक्के धरा.

मिस्त्रीला कागदावर मांडणी काढायला लावा. दारातून दिसणारी रांग पूर्ण टाइलने सुरू व्हावी, कापलेले तुकडे पलंग-कपाटाखाली जावेत. कडेला दोन-तीन इंचांची चिंधी उरत असेल, तर मांडणी सरकवा.

टप्पा ७: बसवून झाल्यावरचा भाव काढा

टाइलचा चौरस फुटाचा भाव ऐकून तुलना करू नका. सिमेंट, रेती किंवा क्रश सँड, अडेसिव्ह, मजुरी, स्कर्टिंगची रनिंग फुटाने वेगळी मजुरी, कड मोल्डिंग, वाहतूक, हमाली, जीएसटी आणि दगड असेल तर पॉलिश, हे सगळं मिळवा. कोटा दुकानात स्वस्त दिसतो आणि पॉलिशनंतर मधल्या दर्जाच्या टाइलशेजारी येऊन बसतो. मोठ्या टाइलची मजुरीही जास्त असते, ती आधी विचारा.

मिस्त्रीशी याच वेळी तीन गोष्टी लिहून ठरवा. एक: व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड कच्ची राहते; अडेसिव्ह वापरायचं, पिशवीवर आयएस १५४७७ (अडेसिव्हच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि टाइप २ किंवा वरचा प्रकार बघून. दोन: टाइलला टाइल भिडवायची नाही. किमान २ मिलिमीटरचे स्पेसर (सांध्याची फट राखणारे प्लॅस्टिकचे तुकडे) हवेत आणि भिंतीलगत ५-६ मिलिमीटर मोकळी फट, जी स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाइल्स फुगून उठतात त्या बहुतेक इथेच कंजुषी केल्यामुळे. तीन: स्वयंपाकघर आणि बाथरूमला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा, डाग न धरणारा रेझिनचा मसाला. टाइल कितीही चांगली असली तरी हळद सांध्यात बसते.

सावध: "सांधा दिसायला नको" असा हट्ट घरमालकच धरतो आणि मिस्त्री तो पुरवतो. दोन मिलिमीटरचा, टाइलच्या रंगाचा सांधा उभ्या माणसाला जाणवतही नाही.

टप्पा ८: खरेदी आणि माल उतरवताना

सगळ्या घराचा माल एकदम घ्या. प्रत्येक बॉक्सवर शेड किंवा बॅच नंबर असतो. टेम्पोतून उतरवतानाच तो वाचा, वेगळ्या नंबरचा बॉक्स तिथेच परत करा. ग्रेड बघा, प्रीमियमच्या भावात स्टँडर्ड किंवा कमर्शियल आलेलं नाही ना. न उघडलेले बॉक्स परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या. बॉक्स उभे ठेवा, आडवी चळत लावली की खालच्या टाइल्सना तडे जातात. लावताना चार-पाच बॉक्समधल्या टाइल्स मिसळून घ्यायला सांगा.

दगड घेत असाल तर वखारीत बादलीभर पाणी मागून लाद्या ओल्या करा. कोरड्या दगडावर न दिसणारी केसासारखी चीर पाण्याने काळी रेघ होऊन उठते, आणि पॉलिशनंतरचा रंगही अंदाजे कळतो. निवडलेल्या लाद्यांच्या पाठीवर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे गाडीत त्याच चढतात.

बसवून झाल्यावर, ग्राउट भरण्याआधी, पुन्हा नाण्याने ठोकून पोकळ टाइल्स शोधा. त्या वेळी एक टाइल काढणं सोपं असतं. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. हिशेबापलीकडचा एक बॉक्स आणि दगडाच्या दोन लाद्या माळ्यावर ठेवा, आणि बॉक्सवरच्या बॅच नंबरच्या लेबलचा फोटो बिलाच्या फाइलमध्ये. पुढे प्लंबरने बाथरूमसमोरची एखादी टाइल फोडली, तर तोच रंग दुकानात मिळण्याची शक्यता फार कमी असते.